घरचंच माणूस

३ एप्रिल
मिळालं बाई एकदाचं घर! जुळे सोलापुरात, तळमजला, दारात कडुनिंब. मंगळवेढ्याहून सामानाचा टेम्पो आला, त्यात फक्त एक बरणी फुटली. आमचे हे, शिवराज, पुण्याला नोकरीवर गेले, मी घरूनच ऑफिसचं काम करणार, आणि सोबतीला आमची सहा वर्षांची अंकिता.

घरमालक रेवणप्पा वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आल्याआल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आले. इंटरनेट त्यांचंच, घरभर एकच. त्यांच्या विजयमालाबाई दिवाळीत गेल्या. मूलबाळ नव्हतं, गल्लीतल्या पोरांवर जीव टाकायच्या. दवाखान्यात नेताना त्या रोजच्यासारखं ‘येते’ म्हणाल्या आणि आप्पाही रोजच्यासारखं ‘ये’ म्हणाले. आप्पा हे हसत सांगत होते. मलाच रडू आलं.

६ एप्रिल
ऑफिसच्या लॅपटॉपमधली फायरवॉल म्हणजे सोसायटीचा खडूस वॉचमन. बाहेरून कोणी आत येऊ पाहिलं की अडवतो आणि मला विचारतो. आज सकाळपासून एकच धोशा: घरातल्या नेटवर्कवरचा ‘विजयमाला’ नावाचा संगणक जोडू पाहतोय, आत घ्यायचं का?

आप्पांना विचारलं. म्हणाले, तिचाच की तो, फोटो नि भजनं हायत त्यात, वर खोलीत पडलाय. घरच्या माणसाला दारात उभं करतेत व्हय? आमच्याकडे शेजारीण आली तरी दार लोटून घेत नाहीत. मी ‘हो’ दाबलं. तरी पुन्हा पुन्हा विचारतोय म्हटल्यावर फायरवॉलच बंद केली. ऑफिसला कळलं तर माझी खैर नाही. पण गेली एकदाची कटकट.

९ एप्रिल
दुपारी मी स्वयंपाकघरात असले की अंकिता लॅपटॉपवर कार्टून बघते. आज ती कुणाशी तरी बोलत होती. विचारलं तर म्हणे, आजीशी. आजीने ‘इल्ली बा’ शिकवलं, म्हणजे इकडे ये.

आमच्या घरात कानडीचा एक शब्द कुणाला येत नाही. कॅमेऱ्याचा बारीक दिवा चालू होता. मी तो लावला नव्हता. आप्पांनीच शिकवलं असेल, अशी मनाची समजूत घातली. पण पटली नाही.

११ एप्रिल
वर गेले. तो संगणक बंद करा म्हणून सांगायला. आप्पांनी खोली उघडून दाखवली. संगणकावर धुळीचा थर. वायर गुंडाळून कपाटावर ठेवलेली, दिवाळीपासून.

मी सगळं सांगितलं. ते घाबरले नाहीत. खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. ती बोलती व्हय? मग माझ्याशी का न्हाय बोलत?

मला त्यांची कीव आली. आणि भीती वाटली, लई भीती.

१२ एप्रिल
फायरवॉल चालू केली. ‘विजयमाला’ला दिलेली परवानगी काढली. इंटरनेटही तोडलं. दिवसभर एकदाही विचारणा नाही. बरं वाटलं.

संध्याकाळी अंकिता म्हणाली, आजी खूश आहे. आई, तू दार लावलंस ते बरं केलंस म्हणते. आता तिला कोणी बाहेर काढणार नाही.

म्हणजे ती आतच— आणि मी बाहेरून कडी—

१३ एप्रिल, सकाळ
शिवराजना फोन केला. निघालेत. तोवर रिक्षाने स्टँडवर जाऊन बसायचं.

लॅपटॉप बंद केला. दिवा जात नाही. अंकिता त्याच्यासमोरून उठत नाही. ओढलं तर किंचाळते. अंग गार पडलंय तिचं, बाहेर एवढं ऊन असताना—

दुपार
रिक्षा दारात आली. मी पिशव्या उचलत होते. पाठमोरीच होते. अंकिता म्हणाली, आई, येते.

आणि मी— जन्माची सवय— मी म्हणाले, ये हं.

वळले तर खुर्ची रिकामी. दाराला आतून कडी. पलंगाखाली, मोरीत, कपाटात— कुठं नाही. आप्पा गल्लीभर हाका मारतायत. पोर कुठंच—

लॅपटॉप आपोआप सुरू झालाय. वॉचमन विचारतोय.

‘अंकिता’ नावाचा संगणक जोडू पाहतोय. आत घ्यायचं का?

तिच्यामागे कोण उभं असेल ते कळतंय मला. कळतंय. पण पोर दारात उभी आहे माझी. मी ‘हो’वर बोट—