सोन्याच्या काचेवर आईची वाफ

वरवंड, रविवार संध्याकाळ

अजून हसू आवरत नाही. आईला दाखवायला लॅबमधली काच घरी आणली. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण, वर पातळ लेप. उजेडातला हिरवा रंग कणांत अडकतो, म्हणून काच लाल दिसते. आई म्हणाली, "सोनं कुठं हाय? नुसता डाग पडलाय." आणि आप्पांचा चष्मा पुसते तशी तोंडाची वाफ सोडून पदर उचलला. मी किंचाळलेच, सगळी मेहनत पुसली जाणार! पण वाफेचा थर बसताच लाल काच जांभळी झाली, वाफ उडाली तशी पुन्हा लाल. कणांवर बसलेल्या थरानं रंग बदलतो, हेच मी कधीपासून समजावतेय घरात! आता आई शेजारच्या काकूंना सांगतेय, "पोरीनं नुसती काच आणली. रंग म्या बदलला." खोटं कुठंय त्यात?