काही काम करत नाही

३ मार्च

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद.

शिरगणतीसाठी आमच्या गल्लीत माझ्याच भावाला धाडलं, याचं मला कोण कौतुक. दोनदा चहा झाला, जेवलास, शर्टाचं तुटकं बटण मी लावून दिलं. तू गेल्यावर, ठेवून गेलेली फॉर्मची प्रत वाचली. माझ्या नावापुढे लिहिलंयस, काही काम करत नाही. बाबा अंथरुणाला खिळले त्याला सहा वर्षं झाली. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तू लिहीत होतास तेव्हाही मी तेच करत होते. घाईत चुकलं असेल, दुरुस्त कर.

वहिनीला आणि तुला आशीर्वाद.
ताई

१० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे लहानपणापासून पाहतोय. अगं, चूक नाही, नियमच तसा आहे. शेजारणीच्या आईचं पगार घेऊन केलंस तर ते काम, आपल्या बाबांचं केलंस तर नाही. अर्थशास्त्रातली मोठी माणसं हे ठरवतात, तिथे मी कोण? शिवाय मी बाबांनाही विचारलं होतं. तेच म्हणाले, ती काय, रिकामीच असते.

जाता जाता एक. हिला बढती मिळाली, त्यामुळे माझ्या सासूबाई दिवसभर एकट्या पडतात. पुढच्या महिन्यापासून त्यांना तुझ्याकडे ठेवावं म्हणतो. तू घरी असतेसच.

राग ओसरला की लोभ पूर्वीसारखाच असू दे.
तुझा छोट्या

१८ मार्च

चि. छोट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं आणि विचारलं, असं खरंच म्हणालात का. ते म्हणाले, त्यात खोटं काय आहे. फार लागलं रे. सख्ख्या बापाने आणि मी अंगाखांद्यावर वाढवलेल्या भावाने मिळून मला पुसून टाकलं. त्यांचं तोंडही पाहू नये असं वाटलं. पण दोन तास झाले होते, म्हणून कूस बदलली.

सोमवारपासून शेजारणीच्या आईची देखभाल करायला मी पगारावर जाते आहे. वाट तूच दाखवलीस. तेव्हा रविवारी येऊन बाबांना घेऊन जा. औषधं, चादरी, पावडर सगळं पिशवीत भरून ठेवलंय. सासूबाईंशी त्यांची गट्टी जमेल.

तुला रजा टाकावी लागेल. अर्जात कारण लिहिताना घरी काम आहे असं मात्र लिहू नकोस, नियमात बसत नाही.

लोभाचं काय करायचं, ते रविवारी बघू.
ताई