सॉल्विगताईस, सहा पौंडांच्या बंदुकीबद्दल

ती. सॉल्विगताईस,

धाकट्या हॅल्वरचा नमस्कार. साष्टांग घालायची फार इच्छा होती, पण माझा उजवा गुडघा एकदा खाली गेला की वर आणायला बर्निसला हाक मारावी लागते, आणि ती या क्षणी रानचेरीची जेली बरण्यांत भरते आहे. अशा वेळी तिला हाक मारणारा नवरा आपल्या खोऱ्यात अजून जन्मायचा आहे. तेव्हा नमस्कार उभ्यानेच घातला असं समज.

तुझा खांदा कसा आहे? डॉक्टरने सांगितलेले व्यायाम करतेस, की न करताच मारितला 'केले' म्हणून सांगतेस? (मला सगळं कळतं. शाळेत गृहपाठाचंही तुझं असंच होतं आणि मार मात्र मला बसायचा.) मारित तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेणार आहे असं कानावर आलं. तुझी पोरगी गुणी आहे हो. तिने कोपरापासून बोटापर्यंत हाताचं माप घेतलं असेल, तेव्हा हात नीट वाकवून धरला होतास ना? नाहीतर सगळंच चुकायचं. आणि ती एखाद्या कागदावर सही मागते तेव्हा चष्मा लावत जा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने कशाखाली सही करतो आहोत ते वाचावं.

पत्र लिहायला कारण असं की स्टोव्हपाइप कड्याचा परवाना लागला. एल्कच्या शिकारीचा, सोडतीत. हो, लागला! बाबा गेले त्या वर्षापासून दर मार्चमध्ये अर्ज करतो आहे, एकोणीस वर्षं झाली, आणि जूनमध्ये टपालातून तो पाकिटातला कागद आला तेव्हा मी तो तीनदा वाचला आणि मग बर्निसकडून वाचून घेतला. लॉइड टेस्कीला पंचवीस वर्षांत लागलेला नाही. त्याने अभिनंदन केलं, पण चेहरा दात उपटून आल्यासारखा होता. मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. पुन्हा एकोणीस वर्षांनी लागला तर तो माझ्या थडग्यावर चिकटवावा लागेल. म्हणजे काय, हा एकच हंगाम. कड्यावर जायचं ते याच ऑक्टोबरात, नाहीतर राहिलंच.

आता कडा तुला माहीत आहे. बाबा आपल्याला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस, एका गोळीत घोड्याएवढं एल्क पाडलंस आणि वर माझ्याकडे बघून हसलीस. मी आठ वर्षांचा होतो आणि डबा सांभाळत होतो. तो चढ तेव्हाही दोन तासांचा होता. आता तीन धर, आणि मधे दम खायला बसायचं ते वेगळं. अशा चढावर बंदुकीचा एकेक औंस मोजावा लागतो. म्हणून मी ठरवलं की हलकी बंदूक घ्यायची. साधी बोल्टची, हाताने मागे ओढून पुढे ढकलायची, एका वेळी एक गोळी. हरणालाही चालली पाहिजे आणि एल्कलाही पुरली पाहिजे, कारण या वयात दोन बंदुका घेतल्या तर बर्निस मला तिसरीने मारेल.

ईस्टरला तू फोनवर जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. बाबांची बंदूक साडेनऊ पौंडांची आहे, खांद्याला लावली की नळी थरथरते, आता माझी शिकार संपली, म्हणालीस. आणि ती बंदूक इथल्या अग्निशमन दलाच्या शरदातल्या सोडतीला बक्षीस म्हणून देऊन टाकते, असंही म्हणालीस, जणू जुना मिक्सर देते आहेस! मी नुसतं 'बरं' म्हणालो. तुला वाटलं असेल ह्याला काहीच वाटलं नाही. ताई, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बाबांनी ती तुला दिली म्हणून मी कित्येक वर्षं फुगून बसलो होतो, ते मी नाकारत नाही. (बर्निस म्हणते, अजून बसला आहेस.) पण तुला दिली होती ती तू चालवावीस म्हणून. सोडतीत दोन डॉलरचं तिकीट काढणाऱ्या कुणा पाहुण्याला देण्यासाठी नाही. असो. हा विषय इथे कशाला आणला कोण जाणे. मी माझ्या बंदुकीबद्दल सांगत होतो.

तर मी ड्वेन ऑस्टबीच्या दुकानात गेलो. सोबत मासे तोलायचा काटा नेला, कारण बंदुकीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं वजन दुर्बिणीशिवाय, पट्ट्याशिवाय आणि गोळ्यांशिवाय असतं. म्हणजे डॉक्टरकडे चपला काढून, खिसे रिकामे करून, श्वास सोडून उभं राहावं तसं. ड्वेनला माझा काटा बघून राग आला. त्याच्या बापाच्या काळापासून कुणी दुकानात काटा आणला नव्हता म्हणे. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या काळी बंदुकाही खऱ्या वजनाच्या होत्या. मग त्याने चिडून भिंतीवरची सर्वांत हलकी काढून दिली. पाच पौंडही पुरे नाहीत. हातात घेतली तर वाटावं, आतलं सामान भरायचं राहिलंय. पण तिच्यात गोळी भरायची ती अस्वलाची. मी दुकानामागच्या मातीच्या बांधावर एकदाच झाडली. ताई, बंदूक हलकी असली की धक्का जातो कुठे? माणसात! माझी टोपी मागे पडली, दातातला सिमेंटचा तुकडा निघाला आणि ड्वेनचा कुत्रा जो गेला तो संध्याकाळी जेवायलाच आला. मी बंदूक परत केली आणि म्हटलं, ही एल्कने माझ्यावर झाडायची असेल तर ठीक आहे.

दुसरी वजनाला बरी, पण नळी इतकी लांब की दाट झाडीत शिरलं तर मी आत आणि ती बाहेर. तिसरीचा खांद्याला टेकायचा दस्ता अक्रोडाचा, सुरेख, बघत राहावं असा, पण पाव पौंड जास्त. मी तो पाव पौंड तीन दिवस मनात तोलला. लॉइड कॉफीच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाला, "हॅल्वर, पाव पौंडासाठी एवढा रडतोस, तर पोटावरचे वीस उतरव ना. फुकटात होतंय." मी त्याला सांगितलं, पोट मी स्वतःचं स्वतः उचलतो, त्यासाठी मला कुणाचा खांदा लागत नाही. पण लागलं मनाला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पाठीवर घोड्याच्या खुराकाची गोणी घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत चढतो आहे. पहिल्या दिवशी मी आणि गोणी, दोघेही अर्ध्यात बसलो. आता टाकीपर्यंत जातो. गुडघा कुरकुरतो, पण तो टीव्ही बघतानाही कुरकुरतो.

शेवटी चौथी पसंत पडली. दुर्बीण आणि पट्टा धरून सव्वासहा पौंड, माझ्या काट्यावर. नळी बेताची. दस्ता काळा, कृत्रिम, दिसायला झारीच्या दांड्यासारखा; बाबांनी पाहिला असता तर हिच्यातून पाणी कुठून येतं म्हणाले असते. पण पावसात फुगत नाही, बर्फात आकसत नाही. गोळी सात मिलिमीटरची, मवाळ स्वभावाची. दोनशे यार्डांवर एल्कला नीट जागी बसवली तर पुरते, आणि खांद्याला नुसती थाप मारते, लाथ नाही. दुखऱ्या खांद्याच्या माणसालाही झेपेल अशी. मी ड्वेनला एकच बदल सांगितला. दस्ता मागून दीड इंच कापून दे.

इथे ड्वेनने काटा खाली ठेवला. म्हणाला, "हॅल्वर, तू सहा फूट दोन इंच. तुझे हात गुडघ्यापर्यंत येतात. दस्ता कापलास तर दुर्बीण डोळ्यात येईल तुझ्या." मी म्हटलं, माझी बंदूक, माझा डोळा, तू करवत चालव. तो पुटपुटला, पण कापला. कामाला हात चोख आहे त्याचा, एवढं मान्य करावं लागेल.

मग नेम जुळवायला मी रेतीच्या खाणीत गेलो. पिठाच्या पिशवीवर बंदूक टेकवली, शंभर यार्डांवर कागद लावला, मान आखडून कसाबसा त्या आखूड दस्त्यामागे मावलो आणि चाप ओढला. गोळी बरोबर मध्ये. दुर्बीणही बरोबर मध्ये, माझ्या उजव्या भुवईच्या! गोल कडेने अर्धचंद्र कापला गेला, रक्ताची धार, समोरचं पीठ लाल. तरी मी आणखी दोन झाडल्या, कारण तीन झाल्याशिवाय नेमाचं काही सांगता येत नाही, हे बाबांनी शिकवलंय. तिन्ही भोकं एका बशीखाली झाकली जातील. ती बशी बर्निसने नंतर माझ्यावर फेकली नाही हे तिचं मोठेपण. टाके घालताना दवाखान्यातली नर्स नावही न विचारता म्हणाली, "नवीन बंदूक ना?"

रविवारी चर्चमध्ये गेलो तर सगळी बाकं माझ्या भुवईकडे बघत होती. पाद्रीसाहेबांनी हस्तांदोलन करताना टक लावून पाहिलं, मग स्वतःचे केस बाजूला केले. त्यांच्याही भुवईवर अर्धचंद्र, जुना, पांढरा पडलेला! त्यांच्यामागे उभ्या लॉइडलाही आहे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. तो म्हणे लहानपणी पाळण्यातून पडलो असं सांगत आला होता. आम्ही तिघे दारातच एकमेकांच्या भुवया बघू लागलो. मग लॉइडला राहवलं नाही. "दुर्बिणीतून बघायचं असतं रे, तिला मुका द्यायचा नसतो," म्हणाला, आणि सगळं चर्च हसलं. हसू दे. पण एक प्रश्न मला आठवडाभर सगळे विचारत होते, ड्वेन, नर्स, पाद्रीसाहेब, अगदी पोस्टातली बाईसुद्धा: एवढ्या उंच माणसाने एवढी आखूड बंदूक घेतलीच कशाला? मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की हलकी पडते.

तर असं सगळं आहे. बंदूक छान आहे, भुवई भरत आली आहे, हंगाम सत्तावीस दिवसांवर आला आहे. तुझ्याकडे माझं काही काम नाही, सहज लिहायला बसलो. मारितला आशीर्वाद सांग. तुझा लोभ आहेच. मधून मधून तो फोन करूनही दाखवत जा.

तुझा धाकटा भाऊ,
हॅल्वर

ता. क. स्वेटर येणार नाही. मारितला विणता येत नाही, हे आईला तरी ओळखता यायला हवं होतं. कोपराच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंतचं ते माप दस्त्याचं होतं. बंदूक तुझी आहे. मी ती फक्त आधी चालवून पाहिली, कारण तुला सदोष वस्तू द्यायची नव्हती. तुझ्या मापाने कापलेल्या दस्त्यामागे तुझी भुवई सुरक्षित राहील, ड्वेनने छातीवर हात ठेवून सांगितलं आहे.

ता. क. २. बाबांच्या अंत्यविधीनंतर स्वयंपाकघरात तू म्हणाली होतीस, "अर्जात माझंही नाव घालत जा, मी मरेपर्यंत." तू अजून मेलेली नाहीस, म्हणून मी घालत राहिलो. दर मार्चला मारित तुझ्यासमोर ठेवते आणि तू चष्म्याशिवाय सही करतेस तो कागद म्हणजे हाच अर्ज. जोडीचा अर्ज असला की लागला तर दोघांना लागतो, नाहीतर कुणालाच नाही. तुझा परवाना सोबत जोडला आहे. पाकीट फेकण्याआधी आत नीट बघ.

ता. क. ३. (बर्निस म्हणते, तुम्हा भावंडांना सरळ बोलता येत नाही, तर निदान शेवटी तरी सरळ लिही. म्हणून लिहितो.) अग्निशमन दलाला मी सोडतीसाठी माझी स्वतःची जुनी बंदूक देऊन टाकली आहे. त्यांचं काम झालं, बाबांची आता त्यांना नको आहे. माझ्याकडे मात्र कड्यावर न्यायला काहीच उरलेलं नाही. तेव्हा येताना बाबांची घेऊन ये. ते साडेनऊ पौंड मी उचलतो, गोणीचा सराव त्यासाठीच होता. ताई, मला एकट्याने तिथे जायचं नाही. इतक्या वर्षांत एकदाही जायचं नव्हतं.

चढ तीन तासांचा आहे, चार लागले तरी चालतील. पहिली गोळी तुझी. आणि चुकलीस, तर तू हसली होतीस तितकंच मी हसणार.