थंडीतले रोजे

मोमीनपुरा, पुणे
नोव्हेंबर २००५

प्रिय शगुफ्ता बेटा,

खाला तुला पत्र लिहील असं कधी वाटलं नसेल. नाहीदच्या शाळेच्या पुस्तकांवरून गिरवलेलं अक्षर आहे, वेडंवाकडं असलं तरी सांभाळून घे. कोथरूडच्या खोलीवर जेवणाची आबाळ होत नाही ना? कंपनीची बस गाठायच्या घाईत नुसत्या चहावर निघत जाऊ नकोस.

मंडईत पेरू आलेत. पेरू दिसले की तू आणि माझी नाहीद, दोघी डोळ्यांपुढे येता. रमजानात पाळीच्या दिवसांतले रोजे सुटतात, ते मागून भरायचे. तुम्ही ते डिसेंबरावर ढकलायच्या, दिवस लहान म्हणून. अल्लाहनं थंडी आमच्यासाठीच केलीय, असं तू म्हणायचीस. कॉम्प्युटरच्या क्लासहून दोघी सुकल्या तोंडानं यायच्या आणि रोजा सोडायच्या मगरिबच्या अजानीपर्यंत तिखट-मीठ लावलेल्या फोडींवरून भांडायच्या.

गेल्या थंडीत तू ओट्याशी उभी राहून नाहीदला सांगितलंस, माझं मन आता यात लागत नाही, उगाच देखावा कशाला करू. ती लागट बोलली, तू निघून गेलीस. मी तुझ्यावर रागावले नाही. तीसुद्धा दुसऱ्या दिवशी दोघींच्या वाटचे पेरू चिरून बसली होती. ते तसेच काळे पडले.

तिनं आजवर कळवू दिलं नाही, पण तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मशीनवर जाऊन येते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. डॉक्टरांनी रोजे बंद केले, तरी ईदपर्यंत म्हणत होती, थंडीत भरून काढीन. मी त्या एका शब्दावर तग धरून होते.

परवा म्हणाली, "अम्मी, माझ्या रोज्यांचा फिदया देऊन टाक." म्हणजे रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. पण बेटा, फिदया कोण देतं ते तुला ठाऊक आहे. ज्याला बरं व्हायची आशा उरली नाही, तो. मी तांदूळ निवडायला घेतले, ते अजून सुपातच आहेत.

म्हणून हे पत्र. तुला रोजे धर म्हणत नाही. ते तुझं आणि अल्लाहचं. तू फक्त ये, आणि पूर्वीसारखं तिला विचार, यंदा कधीपासून धरायचे. देखावा तुला जमत नाही, हे माहीत असून मागतेय. त्याचं पाप माझ्या माथी.

पेरू आणून ठेवते.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
जुलेखाखाला