सहावं कलम खोडलं आहे

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे; धाकट्या दिरांचा विश्वास बसत नाही म्हणून.

१. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. आपलं सरकार दोस्त देशाच्या लढाईत उतरणार असं जाहीर झालं आणि फौजेत ट्रक चालवणाऱ्या माझ्या मुलाला बोलावणं आलं, त्या आठवड्यात ते लिहिलं होतं. अर्धं रडत लिहिलंय. कुणी वाचू नये.

२. राहतं घर, खालचं दुकान आणि बँकेतली शिल्लक मुलाला. वरच्या खोलीची खिडकी अडते, ती जरा उचलून ढकलावी.

३. ब्रश, रंग आणि शिडी पुतणीला, म्हणजे दिरांच्या मुलीला. तिला एकच ताकीद: ऑइल पेंट वाळल्याशिवाय पाट्या एकावर एक रचू नयेत. पहिल्या मोर्चाला मी नेमकं तेच केलं. तीनशे पाट्या, 'दुसऱ्यांच्या लढाईत आमची मुलं नकोत', आणि नुसती घाई. उचलल्या तर प्रत्येकीच्या पाठीवर दुसरीची अक्षरं उलटी उमटलेली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक म्हणाले, "असू दे हो काकू, चला!" पाटी खांद्यावर घेतली की कपड्यांना तांबडा रंग. पुढच्या तिन्ही मोर्चांना घाई तीच आणि चूकही तीच.

४. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं तेव्हा माझ्या हातची पाटी उतरवली. म्हणे, देशद्रोही बाईचं काम नको. आता नवी मागतोय. माझ्यामागेही त्याला कुणी रंगवून देऊ नये. छापून घे म्हणावं.

५. दीर, निवृत्त हवालदार. "दोस्ताला शब्द दिलाय, वहिनी. आता मागं फिरलो तर नाक कापलं जाईल," असं ते भर दुकानात म्हणाले. मी म्हटलं, "ज्यांनी शब्द दिला त्यांनी चालवावा ट्रक." सात महिने बोलणं बंद. चौथ्या मोर्चात मागे वळून बघते तर स्वारी पाटी घेऊन हजर, पदकांच्या कोटात, पाठभर तांबडा रंग! त्यांना तो रंग काढायला टर्पेंटाइनचा डबा ठेवणार होते. पण वकीलसाहेब म्हणतात, ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नको. म्हणून डबा आत्ताच हातात दिला. "कोट असाच राहू दे," म्हणाले, पण डबा ठेवून घेतला.

६. 'मुलगा माझ्याआधी गेल्यास' हे कलम. वकीलसाहेब म्हणतात, ही रीतच आहे, सगळे लिहितात. मागच्या वेळी याच कलमाला अडीच पानं लागली होती. गेल्या गुरुवारी सरकारनं फौज पाठवायचा बेत सोडला आणि सोमवारी हा दारात उभा. "आई, भूक लागलीये." सुटले गं बाई, सुटले मी! हे कलम मी स्वतः दोन बोटं रुंद ब्रशनं खोडलं आहे. रंग अजून ओला आहे. कागदाची घडी उद्या घालावी.

लिहून ठेवणार: पाटीवाली काकू (सही)
साक्षीदार: धाकटे दीर (सही), शेजारच्या शाळेतल्या बाई (सही)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: मुलगा घरी आल्याचा तिसरा दिवस, दुपार