गुरुवारी शेड रिकामी होण्याआधी तपासणी व्हावी म्हणून

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
अन्न व पशुकल्याण कार्यालय

विषय: पिंजऱ्यातील कोंबड्यांची अंडी ‘मोकळ्या कोंबड्यांची’ म्हणून विकली जात असल्याची तपासणी शुक्रवारऐवजी उद्याच करण्याबाबत, तसेच माझे नाव गुप्त ठेवण्याबाबत.

संदर्भ: माझी मागील महिन्यातील तक्रार.

महोदय,

मी एका सुपरमार्केटच्या प्रतवारी केंद्रात अंडी तपासते. ‘मोकळ्या कोंबड्यांची अंडी’ असे छापलेल्या खोक्यांतील अंड्यांवर अतिनील दिव्याखाली समांतर रेषा दिसतात. नुकतेच घातलेले अंडे ओले असते; ते पिंजऱ्याच्या तारांवरून घरंगळले की अशा रेषा उठतात. गवतावर घातलेल्या अंड्यावर त्या नसतात. तक्रारीत एवढेच लिहिले होते.

आपल्या कार्यालयाने ती तक्रार खुलाशासाठी, माझ्या नावासकट, त्याच सुपरमार्केटकडे पाठवली. मी चौकशीला आले तेव्हा आपले लिपिक म्हणाले, “अहो ताई, ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांना विचारायला नको का?” नाव गुप्त ठेवायचे असल्यास वेगळा अर्ज करून त्याची प्रत सुपरमार्केटला द्यावी, असेही त्यांनी सांगितले. ते चेष्टा करत नव्हते.

आमचे व्यवस्थापक एरवी मला ओळखही दाखवत नाहीत. काल त्यांनी खुर्ची पुढे केली. “वहिनी, आधी आमच्याकडे यायचं ना! घरातलं बाहेर कशाला?” माझा दिवा दुरुस्तीला गेला आहे, म्हणाले. तो बिघडलेला नव्हता. मग हसून म्हणाले, “शुक्रवारी साहेब येऊ देत की. गुरुवारी ट्रक लावलाय. कोंबडीच नाही, तर पिंजरा कुणासाठी?”

ट्रक कत्तलखान्याचा आहे. ही अंडी ज्या शेडमधून येतात, तिथे मी एकदा नमुने घ्यायला गेले होते. पिंजऱ्यात हात घातला, तर एका कोंबडीने माझ्या मनगटावर मान टेकली. माया नव्हे, तिला टेकायला दुसरी जागा नव्हती. आता त्या सगळ्या माझ्या तक्रारीपायी जातील.

मला भीती वाटते, हे अर्जात लिहितात का, ठाऊक नाही. यजमान त्याच सुपरमार्केटची व्हॅन चालवतात. आज ते डबा न घेताच कामावर गेले. दार वाजले की मी आधी खिडकीतून पाहते.

तपासणी अलीकडे आणायची तर कागदावर तक्रारदाराचे नाव आणि सही लागते, असे लिपिक आज म्हणाले. तेव्हा विषयातील दुसरी विनंती मी मागे घेत आहे. माझे नाव खुशाल लिहा. पण उद्या या.

आपल्या वाटेकडे डोळे लावून,

(सही)
अंडी तपासनीस
मंगळवार

सोबत: रेषा दिसणाऱ्या अंड्याचे छायाचित्र, दिवा नेण्यापूर्वी काढलेले.