टाकी ओसंडते आहे

३ फेब्रुवारी
आज ऑफिसात कपडे बदलावे लागले. दाराला खुर्ची लावून, कपाटाच्या आडोशाला! अर्ध्या शहराच्या पाण्याच्या टाक्या माझ्या हाताखाली, आणि स्वतःच्या लघवीवर ताबा नाही. मधुमेह जुना आहे. डोळे तपासते, पाय तपासते. हे नवीन कुठून उपटलं? लागल्याचं कळतच नाही. ओलं झाल्यावर कळतं.

६ फेब्रुवारी
सोनोग्राफी झाली. जाऊन आल्यावरही लघवीच्या पिशवीत बरीच शिल्लक. डॉक्टर म्हणाले, "साखरेनं नसा मंदावल्यात, बाई. भरल्याची खबर वर पोचत नाही." महिनाभर फिजिओथेरपी, मग पुन्हा तपासणी. शिल्लक घटली नाही तर लघवीसाठी नळी घालायची.
नळी! बारा मार्चला टेकडीवरची नवी टाकी सुरू होते आहे. भांडून भांडून उभी केली ती. शिडी चढून झडप मीच उघडणार. नळी सांभाळत चढू?
यांना काही सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी
फिजिओथेरपीची वेळ पुढच्या आठवड्यात. तोवर हातावर हात ठेवून बसणं जमणार नाही. बाळंतपणानंतर शिकवलेला व्यायाम आठवला — आवळून धरायचं. जीपमध्ये, फोनवर, मीटिंगमध्ये, दिवसभर तेच.

१० फेब्रुवारी
जितकं आवळते तितकं जास्त गळतं!

१३ फेब्रुवारी
फिजिओथेरपिस्ट ही एक चुणचुणीत मुलगी. "या काकू!" मी कुणाची काकू? असो.
चिकटपट्ट्या लावल्या, तारा जोडल्या. समोर पडद्यावर एक रेघ. आवळलं की रेघ वर. झपकन गेली! मी खूश.
"आता सोडा."
सोडलं. रेघ तिथेच.
"सोडा ना, काकू."
"सोडलंय!"
"पडदा तर नाही म्हणतोय."
मग म्हणाली, "तुमची पिशवी गळत नाहीये, ओसंडतेय. रिकामीच होत नाही. आणि तुम्ही उलट तिचं तोंडच आवळून धरलंय."
टाकी काठोकाठ भरून वाहायला लागली तर बाहेरची झडप घट्ट करायची? कुणा ज्युनियरनं असं केलं असतं तर त्याची खैर नव्हती.

१८ फेब्रुवारी
घड्याळात दर तीन तासांनी गजर. लागो न लागो, जायचं. पाय टेकवायचे, पुढे वाकायचं, पोट सैल, कुंथायचं नाही. उठायचं, जरा थांबायचं, पुन्हा बसायचं. "सैल, काकू, सैल!" हा शब्द आजवर मी फक्त नटबोल्टवर चिडून वापरला होता. रेघ हट्टी आहे. माझ्यासारखीच.

२१ फेब्रुवारी
हे म्हणाले, "अगं, ते घड्याळ सारखं कोकलतं काय, आणि तू पळतेस कुठे?"
सांगून टाकलं.
यांनी पेपर खाली ठेवला. "एवढंच? मला वाटलं, माझ्याशी बोलणं टाळायला पळतेस."
"तेही आहेच," मी म्हणाले. पुष्कळ दिवसांनी हसलो.

२४ फेब्रुवारी
मीटिंगमध्ये गजर झाला. बंद केला, बसून राहिले. साहेब बोलत असताना उठायचं कसं? मधेच उठणाऱ्यांना तर मीच झापते! संध्याकाळी पुन्हा दाराला खुर्ची. फिजिओथेरपीवाली मुलगी चांगलीच रागावली — "इथे मेहनत करता आणि तिथे लाजता!" मला कुणी रागवून किती वर्षं झाली.

८ मार्च
शिल्लक निम्म्याहून कमी! रेघही खाली आली, थरथरत. नळी नाही — तूर्त. डॉक्टरांचं बजावणं: "वेळ चुकवलीत की पुन्हा होतं तिथेच." परवापासून झोप नाही. टाकीचा समारंभ तीन तासांपुढे लांबला तर?

१२ मार्च
लांबलाच. साहेबांचं भाषण संपेना. गजर झाला. बोट बटणावर गेलं, तसंच मागे घेतलं. उभी राहिले. "साहेब, मला बाथरूमला जायचंय. आल्यावर झडप उघडते."
उत्तराची वाट न बघता निघाले.
चौकीदाराच्या खोलीमागच्या बाथरूममधून बाहेर आले तर दारात साहेब, घामाघूम! "सरका बाई, लवकर. साखर मलाही आहे. दोन वर्षं तुमच्या धाकानं मीटिंगमधून उठलो नाही!"
त्यांच्यामागे आणखी तिघे रांगेत.